पार्श्वभूमी पुसणारे भिंग

छायाचित्रकलेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक, कोणता कॅमेरा घ्यावा याचा सल्ला. आणि दुसरे, एखाद्या छायाचित्राला 'बोलके', 'काव्यात्म' अशी विशेषणे लावून केलेली स्तुती. छायाचित्रातल्या माणसाचे त्या छायाचित्राने काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कथा-कवितेच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला दलित साहित्याच्या चळवळीने भाग पाडले. छायाचित्राला मात्र अजूनही सूट आहे. कॅमेरा हे यंत्र आहे आणि यंत्राला जात नसते, असे आपणही बऱ्याचदा मानून चालतो.

हा समज तपासण्यासाठी मी एकच लहानशी बाब निवडली आहे. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून काढलेले छायाचित्र. मी छायाचित्रकार नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि कॅमेरा हा माझा छंद आहे. पण या एका छिद्रातून मला माझ्याच मनाचा असा एक कोपरा दिसला, की त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी यंत्राची गोष्ट. छायाचित्रकार ज्याला 'फास्ट लेन्स' म्हणतात ते भिंग धावत नाही. त्यातून एका क्षणात पुष्कळ उजेड आत येतो, त्यामुळे पडदा फार वेळ उघडा ठेवावा लागत नाही. म्हणून ते 'फास्ट'. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल आणि त्यावर एफ १.८ असा आकडा असेल, तर ५० ला १.८ ने भागावे. उत्तर येते सुमारे २८ मिलिमीटर. म्हणजे उजेडाची वाट साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी रुंद. तेच छिद्र एफ १६ पर्यंत मिटवले की ते तीन मिलिमीटरवर येते, ज्वारीच्या दाण्याहून मोठे नाही. या दोन टोकांत येणाऱ्या उजेडाचा फरक सुमारे ऐंशी पट आहे. आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि छिद्र मोठे तितकी भिंगाची किंमत मोठी. एफ १.८ चे भिंग मास्तराला परवडते. एफ १.२ चे भिंग घ्यायचे तर मास्तराला कर्ज काढावे लागते.

या उजेडाबरोबर आणखी एक गोष्ट घडते. छिद्र जितके मोठे तितकी स्पष्टतेची खोली कमी. दाण्याएवढ्या छिद्रातून माणूस, त्याच्या मागचे दार, दाराच्या आतले भांडे, सारे बऱ्यापैकी ओळखू येते. नाण्याएवढ्या छिद्रातून एकच पातळ पापुद्रा स्पष्ट राहतो; त्याच्या पुढचे आणि मागचे सगळे विरघळते. माझ्या कॅमेऱ्यावर दीड मीटर अंतरावरून, पूर्ण उघड्या छिद्राने, ही खोली सहा-सात सेंटिमीटर भरते. आपल्या भाषेत चार बोटे. डोळे स्पष्ट, तर कान धूसर.

या धूसरपणाला छायाचित्रकारांच्या जगात एक जपानी नाव आहे, 'बोके'. मराठीत बोके म्हटले की मांजरे आठवतात, पण जपानीत त्याचा अर्थ धूसर किंवा अंधुक असाच आहे. १९९७ साली एका अमेरिकी छायाचित्रण मासिकाने हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे आणला आणि त्यानंतर तो जगभर पसरला. आज भिंगांची परीक्षा करताना त्यातून मागचे किती मऊ, किती लोण्यासारखे पुसले जाते याचीही चर्चा होते. आपल्याकडच्या छायाचित्रकारांनी त्यासाठी साधा मराठी शब्द शोधला आहे. ते म्हणतात, 'बॅकग्राउंड उडवायचं'. शब्द अगदी नेमका आहे.

२०१७ साली मी आईचे छायाचित्र काढले. तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. वर्षभर साठवलेल्या पैशातून एक जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटर एफ १.८ चे भिंग घेतले होते. उन्हाळ्याची सुट्टी, संध्याकाळची वेळ. आई आमच्या घराच्या दारापुढे चार पावले पुढे उभी होती. छिद्र पूर्ण उघडले आणि बटण दाबले. छायाचित्र सुंदर आले. कपाळावरच्या रेषा, गोंदण, डोळ्यांतले पाणी, सारे असे की हात लावून बघावे. आणि मागे नुसता तपकिरी-निळा मऊ रंग.

सुट्टी संपल्यावर ते मी प्राध्यापकांच्या खोलीत दाखवले. एक सहकारी म्हणाले, "कुठल्या मासिकातलं आहे?" मी म्हणालो, "माझी आई आहे." ते म्हणाले, "बॅकग्राउंड काय मस्त उडालंय!" मी खूश झालो. किती दिवस खूश होतो आणि कशामुळे होतो, ते इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आई सुंदर दिसली याचा आनंद होताच. पण त्याहून मोठा आनंद होता तो घर दिसले नाही याचा. पत्रे दिसले नाहीत, पत्र्यांवर ठेवलेले दगड दिसले नाहीत, दारापुढची मोरी दिसली नाही. गावकुसाबाहेरची वस्ती दिसली नाही. त्या खोलीत मी आईला घेऊन गेलो आणि वस्तीला दाराबाहेर ठेवले. हे मी छिद्र उघडताना ठरवले नव्हते. पण यंत्राने ते केले आणि मला ते आवडले.

दिवाळीत ते छायाचित्र चौकट करून घरी नेले. आईने ते पदराने पुसले, लांब धरले, जवळ धरले. म्हणाली, "चांगला आलाय फोटू. पन घर कुठं गेलं रे बाबा? मला कुणाच्या दारात उभी केलीस?"

मी तिला भिंगाचे शास्त्र सांगू लागलो. ती ऐकत होती. तिने चौकट खुंटीला टांगली आणि भाकरी करायला बसली.

त्या वेळी मला कळले नव्हते ते २०१९ साली कळले. घरकुल मंजूर झाले आणि जुने घर पाडले. दाराशेजारच्या मातीच्या भिंतीवर आई कोळशाने रेघा ओढत असे. खुरपणीचा किंवा कापूस वेचणीचा दिवस भरला की एक उभी रेघ. अर्धा दिवस भरला की अर्धी रेघ. बाजाराच्या दिवशी मजुरीचा हिशेब झाला की त्यांवरून एक आडवी रेघ. तिला अक्षरओळख नव्हती. पण शेतमालकाच्या वहीत चार दिवस आणि भिंतीवर पाच रेघा असल्या की ती भिंतीच्या बाजूने भांडायची. माझ्या घराण्यातले पहिले लेखन ते. मी पहिला पदवीधर असेन, पहिला लिहिणारा नाही. भिंत पडली त्या दिवशी मी धावत जाऊन ते छायाचित्र पाहिले. आईच्या खांद्यामागे जिथे रेघा असायला हव्यात तिथे एक तपकिरी डाग आहे. चार बोटांच्या पलीकडचे होते, म्हणून गेले.

यावरून हे भिंगच वाईट, असा निष्कर्ष मी काढला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण इतिहास पाहिला की तसे म्हणता येत नाही.

अंधारातल्या माणसांची छायाचित्रे घेण्याचा पहिला मार्ग होता स्फोटाचा. जेकब रीस हा डेन्मार्कहून न्यूयॉर्कला आलेला बातमीदार. १८८७ नंतर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी गरिबांच्या खोल्यांत रात्री शिरून, मॅग्नेशियमची भुकटी पेटवून छायाचित्रे घेतली. १८९० साली त्याचे पुस्तक आले आणि त्या वस्त्यांच्या सुधारणेला जोर मिळाला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण त्यांतली काही माणसे पाहावीत. झोपेतून दचकलेली, डोळे दिपलेली. या भुकटीने आपण दोनदा घराला आग लावली असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. गरिबाच्या घरात उजेड नेण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. पाहणी करायला येणारे साहेब असेच येतात.

फास्ट भिंगाने हा स्फोट अनावश्यक केला. १९२४ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा लहान कॅमेरा काढला. त्यावर लुडविग बेर्टेले या तंत्रज्ञाने रचलेले एफ २ चे भिंग होते, आणि पुढे त्याचे एफ १.८ झाले. खोलीत असेल तेवढ्या उजेडात, समोरच्याला न कळता छायाचित्र घेता येऊ लागले. या कॅमेऱ्याचा पहिला मोठा वापर कोणी केला आणि कोणाकडे पाहण्यासाठी केला, हे महत्त्वाचे आहे. एरिख झालोमोन हा बर्लिनचा ज्यू. १९२८ पासून त्याने हे भिंग न्यायालयांत आणि राज्यकर्त्यांच्या परिषदांत नेले. न्यायालयात कॅमेरा टोपीत लपवून नेला. १९३० च्या हेग परिषदेत रात्री उशिरा खुर्चीत पेंगणारे मंत्री टिपले. तोवर सत्ताधाऱ्याचे छायाचित्र म्हणजे छाती पुढे काढून घेतलेली बैठक. झालोमोनने त्यांना परवानगीशिवाय पाहिले. रीसचा स्फोट वरून खाली पडत होता. झालोमोनचे भिंग खालून वर पाहत होते.

हा माणूस १९४४ साली आउशवित्झच्या छळछावणीत मारला गेला. त्याच्या समाजाला देशाच्या चित्रातून पुसून टाकण्याचे काम तेव्हा चालले होते. एका माणसाने भिंग उघडले ते सत्तेचा खरा चेहरा दिसावा म्हणून. आणि सत्तेने त्या माणसालाच पुसले. पुसण्याचा विचार करताना मला हे नाव वगळता येत नाही.

दुसरे नाव कृष्णवर्णीय अमेरिकेतले आहे. आपल्या चळवळीचे त्या साहित्याशी नाते जुने आहे. १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले, आणि त्यांच्या कविता-कादंबऱ्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या छायाचित्रकारांकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही. रॉय डीकरावा हा १९१९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मला. आपल्याच वस्तीची छायाचित्रे त्याने आयुष्यभर घेतली. १९५५ साली लँग्स्टन ह्यूजच्या शब्दांसह त्याचे 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' हे पुस्तक आले. तो झगझगीत दिवा वापरत नसे. असेल तो उजेड घ्यायचा आणि अंधार अंधारच राहू द्यायचा, ही त्याची रीत. त्याची छायाचित्रे इतकी काळी असतात की पाहणाऱ्याला डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. मग त्या काळोखातून हळूहळू माणसे दिसू लागतात. आपण जवळ जाऊन, थांबून पाहावे, असे ते छायाचित्र आपल्याला सांगते.

त्याचे १९५३ चे 'हॉलवे' हे छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. गरिबांच्या इमारतीतली एक अरुंद, अंधारी मार्गिका. दोन भिंती आणि मंद उजेड. त्यात माणूस नाही. लहानपणी तो अशाच मार्गिकांतून वावरला होता. म्हणजे हे छायाचित्र निव्वळ पार्श्वभूमीचे आहे. इतरांनी माणसामागे उडवून दिली असती ती गोष्ट त्याने मध्यभागी ठेवली. उजेड कमी असला की पार्श्वभूमी गमवावीच लागते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

याउलट एक उदाहरण चित्रपटाचे. स्टॅनले कुब्रिकने १९७५ च्या 'बॅरी लिंडन' मध्ये अठराव्या शतकातल्या उमरावांचे दिवाणखाने केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. त्यासाठी त्याने त्साइस कंपनीची एफ ०.७ ची भिंगे मिळवली. ती मुळात अमेरिकेच्या अवकाश संस्थेसाठी, चांद्रमोहिमेच्या कामाकरिता बनवलेली होती. त्या भिंगांची खोली इतकी कमी, की नटांना जवळजवळ हलायची सोय नव्हती. छायालेखक जॉन अल्कॉट यांना त्या कामाबद्दल ऑस्कर मिळाले. कलेच्या दृष्टीने ते मोठेच काम आहे आणि त्या निश्चल माणसांकडे पाहताना दिग्दर्शकाचा उपहासही जाणवतो. पण माझ्या मनात वेगळाच विचार येतो. भारनियमनाच्या काळात मी दहावीचा अभ्यास रॉकेलच्या चिमणीवर केला. चंद्रासाठी घडवलेले भिंग मेणबत्तीच्या उजेडात उमरावांचा पत्त्यांचा डाव पाहायला गेले. त्याला चिमणीसुद्धा पुरली असती.

तर फास्ट भिंगाच्या दोन देणग्या आहेत. एक उजेडाची, अंधारातल्या माणसाला दचकवल्याशिवाय पाहण्याची. दुसरी पुसण्याची. पहिलीसाठी ते जन्मले. दुसरी सुरुवातीला नाइलाज होती. आज बाजार तिलाच गुण म्हणून विकतो. भर दुपारी, जिथे उजेडाची काही कमतरता नाही तिथेही भिंग पूर्ण उघडले जाते, केवळ मागचे उडवण्यासाठी. नाइलाजाचे अभिरुचीत रूपांतर झाले की समीक्षकाने तिथे थांबून विचारले पाहिजे: ही अभिरुची कोणाची?

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात ऊसतोड कामगारांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन पाहिले. सगळे चेहरे अशाच उघड्या छिद्राचे. उन्हाने रापलेली त्वचा, घामाचे थेंब, डोळ्यांत खोल काहीतरी. मागे हिरवा मऊ पडदा. प्रेक्षक हळहळत होते. मी छायाचित्रांत काय नाही याची यादी करत होतो. फड नाही, खोपी नाही, बैलगाडी नाही. मुकादम नाही, त्याची उचल नाही, ती फेडण्याचा हिशेब नाही. ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे; नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे मजुरीचे एककच जोडीचे आहे. आणि छायाचित्रात एकटा चेहरा! त्याची जोडीदारीण त्या हिरव्या पडद्यात कुठेतरी मोळी बांधत असेल. या चेहऱ्याच्या दुःखाला कारण आहे, पण कारण चार बोटांच्या पलीकडे आहे. दुःख दाखवायचे आणि कारण उडवायचे, म्हणजे प्रेक्षकाला हळहळण्याचे सुख द्यायचे. त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. कारण पडद्यावर राग काढता येत नाही.

हा आक्षेप साहित्याच्या अंगाने आपल्याला चांगला परिचित आहे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, पाठोपाठ १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा'. तेव्हापासून दलित आत्मकथनांवर एक ठराविक टीका होत आली: यांत तपशील फार, समाजशास्त्र फार, व्यक्तीचे अंतरंग कुठे आहे? छायाचित्रकाराच्या भाषेत सांगायचे तर, 'बॅकग्राउंड फार शार्प आहे, नजर विचलित होते.' दलित आत्मकथन हे दाण्याएवढ्या छिद्रातून घेतलेले छायाचित्र आहे. त्यात लेखक स्पष्ट आहे, आणि वस्ती, पाणवठा, वाटणी, उपास हेही तितकेच स्पष्ट आहे. कारण लेखकाला ठाऊक आहे की त्याचे अंतरंग त्या पाणवठ्यावर घडले. ज्यांची पार्श्वभूमी त्यांना कधी आडवी आली नाही, त्यांना ती पुसणे हे सौंदर्य वाटते. ज्यांना पावलोपावली ती आडवी आली, त्यांनी ती पुसणे म्हणजे साक्षीपुरावा नष्ट करणे होय.

इथपर्यंत मी वर्गात बोललो होतो. तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. आमच्याच समाजातली. ती म्हणाली, "सर, आम्हाला आयुष्यभर वस्तीवरूनच ओळखलं. नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गाव, गाव सांगितलं की गावात घर कुठं ते विचारतात. माझा फोटो काढताना मागचं सगळं उडालं तर मला बरं वाटतं. तिथं मी एकटी असते. मी म्हणजे नुसती मी. त्यात चूक काय?"

वर्ग शांत झाला. मलाही लगेच उत्तर सुचले नाही, आणि आजही तिचे म्हणणे मी खोडू शकत नाही. दलिताला व्यक्ती म्हणून न पाहता जातीचा नमुना म्हणून पाहणे, ही तर अस्पृश्यतेचीच रीत. संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे तो उगाच नाही. आणि बाबासाहेबांची छायाचित्रे आठवून पाहा. घराघरांत लागलेली त्यांची कितीतरी छायाचित्रे साध्या, रिकाम्या पार्श्वभूमीवरची आहेत. कोट, टाय, सरळ नजर. मागे चाळ नाही, वस्ती नाही. ज्या समाजाला अंगभर कपड्याची मनाई होती त्या समाजातला माणूस नीटनेटक्या पोशाखात, कोणत्याही पार्श्वभूमीच्या आधाराशिवाय उभा आहे. ते छायाचित्र आमच्यासाठी जाहीरनामाच होते. मग पार्श्वभूमी नसण्यात अन्याय आहे असे मी कसे म्हणू?

बरेच दिवस विचार केल्यावर मला फरक दिसला तो असा. बाबासाहेबांच्या मागे काय असावे आणि काय नसावे, हे कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला ठाऊक होते. ती विद्यार्थिनी स्वतःच्या चेहऱ्याची मालकीण आहे. मागचे ठेवायचे की उडवायचे, हा तिचा अधिकार आहे. प्रदर्शनातल्या ऊसतोड बाईला मात्र कोणी विचारले नव्हते. माझ्या आईला मी विचारले नव्हते. तिने तर घरासमोर उभे राहण्यासाठी लुगडे बदलले होते. घर तिच्या मते छायाचित्राचा भाग होते. म्हणजे प्रश्न छिद्र किती उघडावे एवढाच नाही. ते कोणी, कोणाच्या संमतीने उघडावे, हा आहे. स्वतःची पार्श्वभूमी बाजूला ठेवणे हे स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याची पार्श्वभूमी उडवणे ही सत्ता आहे. आणि माझ्यासारख्या शिकलेल्याने आपल्याच आईची पार्श्वभूमी उडवणे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. मी त्याला लाज म्हणतो.

हा निर्णय आता माणसाच्या हातातूनही सुटत चालला आहे. २०१६ साली आयफोन ७ प्लसमध्ये 'पोर्ट्रेट' नावाची सोय आली, आणि आज साध्या फोनमध्येही ती सापडते. फोनचे भिंग इतके लहान की त्याला मागचे फारसे पुसता येत नाही. म्हणून यंत्र हिशेब करते, माणूस कोणता आणि पार्श्वभूमी कोणती हे आपणच ठरवते आणि उरलेले पुसते. कधी केसांच्या बटा पुसते, कधी पदराची कड. बोळाच्या तोंडाशी उभा राहिलेला मुलगा एका बोटाच्या स्पर्शाने बोळातून मुक्त होतो. छायाचित्रातून बोळ जातो. मुलगा संध्याकाळी त्याच बोळात परततो. इच्छा म्हणून मला ते समजते. उपाय म्हणून ते पोकळ आहे.

मागचे स्पष्ट ठेवल्याने काय साधते, हे आपल्याच मातीतल्या एका चित्रपटाने दाखवले आहे. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा 'फँड्री', छायालेखन विक्रम अमलाडी यांचे. शेवटाकडे जब्या आणि त्याच्या घरचे मारलेले डुक्कर बांबूला बांधून वाहून नेतात. शाळेच्या भिंतीपाशी ते येतात. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. पुढे डुकराचे ओझे आणि मागे ती भिंत. दिग्दर्शकाने एकही शब्द बोलायला लावलेला नाही. ती भिंत धूसर केली असती तर उरले असते एका मुलाच्या अपमानाचे करुण चित्र. भिंत वाचता येते, म्हणून ते एका प्रजासत्ताकाला विचारलेला प्रश्न होते. मुलाची आणि महापुरुषांची अशी एका चौकटीत गाठ घालणे, ही माझ्या मते आपल्या दृश्यकलेची दिशा आहे. सुधारक ओलवे यांच्या मुंबईच्या सफाई कामगारांवरील कृष्णधवल छायाचित्रांतही माणूस आणि त्याचे काम एकमेकांपासून तोडलेले नाहीत. त्यांत दया मागितलेली नाही. हे काम कोणासाठी होते आणि करणारा कोण, एवढे समोर ठेवले आहे.

शेवटी आईकडे येतो. गेल्या वर्षी मी तिचे पुन्हा छायाचित्र काढले. या वेळी विचारले, कुठे उभी राहतेस? ती म्हणाली, "भिंतीपाशी." घरकुलाची नवी भिंत. तीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारी दिनदर्शिका. आता तिच्या रेघा दिनदर्शिकेच्या चौकोनांत असतात, माझ्या पेनाने ओढलेल्या. वीज गेलेली, दारातून संध्याकाळचा उरलासुरला उजेड. छिद्र मिटवून चालणार नव्हते. ते पूर्णच उघडावे लागले. म्हणजे पुन्हा तीच चार बोटे.

तेव्हा मला शास्त्रातला दुसरा नियम आठवला. भिंग पुसते ते अंतर, वस्तू नव्हे. स्पष्टतेच्या पातळीत जे जे येते ते सगळे स्पष्ट राहते, छिद्र कितीही उघडे असो. माणूस आणि भिंत यांच्यात अंतर ठेवले नाही तर भिंत पुसली जात नाही. आणि छायाचित्रकार दुप्पट मागे गेला की खोली जवळजवळ चौपट होते. चार बोटांची वीतभर. मी आईला म्हणालो, "भिंतीला टेक." मी स्वतः मागे सरकलो, दाराच्या उंबऱ्यापर्यंत, तीन मीटर. चौकटीत तिचा चेहरा लहान झाला. तो आता दोन तसबिरींच्या आणि त्या दिनदर्शिकेच्या पातळीत आला.

छायाचित्र पहिल्याइतके देखणे नाही. थोडे हललेही आहे. प्राध्यापकांच्या खोलीत मी ते दाखवले तेव्हा त्या सहकाऱ्यांनी "पहिलं बरं होतं" असे सांगितले. आईने मात्र ते नवीन चष्म्यातून बराच वेळ पाहिले आणि दिनदर्शिकेवर बोट ठेवून रेघा मोजल्या. अकरा भरल्या. म्हणाली, "बराबर हाय."